निवड चाचणी अडीच महिन्यांवर आहे, प्रोटीनचा कोणता डबा घेऊ?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वय २०, वजन ५६ किलो, कबड्डीत चढाई करतेस. कॉलेजच्या होस्टेलवर राहतेस, जेवण मेसचं. सकाळ-संध्याकाळ सराव आणि आठवड्यातून दोनदा जिम. घरात माळ आहे, त्यामुळे मांस, मच्छी, अंडं यातलं काहीच नाही. दुसऱ्या हाफमध्ये पाय जड होतात, आणि सोमवारी जिममध्ये पायांचा व्यायाम झाला की बुधवारपर्यंत मांड्या दुखतात. जिमच्या ट्रेनरने व्हे प्रोटीन (दुधातल्या प्रथिनाची पावडर), मास गेनर (वजन वाढवायची पावडर) आणि बीसीएए (प्रथिनांचे तीन सुटे घटक) असा साडेआठ हजारांचा संच लिहून दिलाय. घरून महिन्याला तीन हजार मिळतील. आई म्हणते पावडरीने किडनी जाते, मैत्रीण म्हणते आवाज घोगरा होतो. आणि तू विचारतेस, कोणता डबा घेऊ?

डब्याचं नाव मी सांगणार नाही. तुझ्या एका प्रश्नात तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींवर एकच औषध तुला विकलं जातंय. दुसऱ्या हाफमध्ये दम संपणं ही एक गोष्ट, व्यायामानंतर मांड्या दुखणं ही दुसरी, आणि शाकाहारी खेळाडूला प्रथिनं पुरतात का ही तिसरी. डबा फार तर तिसऱ्या तक्रारीला उपयोगी पडेल. पहिलीला जवळजवळ नाही, दुसरीला थोडासा.

मी कोल्हापूर-सांगली भागातल्या कबड्डी, कुस्ती आणि धावण्याच्या खेळाडूंचा आहार बघते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं डबा हातात घेऊनच येतात, आणि मी प्रत्येकाला पहिल्यांदा कालच्या दिवसात काय खाल्लं ते लिहायला लावते. तू ते न सांगता लिहून पाठवलंस हे उत्तम केलंस. चल, त्याचाच हिशेब मांडू.

पहाटे पाचला चहा आणि दोन-चार बिस्किटं: १ ग्रॅम प्रथिनं. साडेसातला सराव संपतो, साडेआठला मेसचे पोहे: दाणे नशिबाने आले तर ५ ग्रॅम. दुपारी तीन चपात्या म्हणजे ९, भाजीचे २-३, मेसची पातळ आमटी ४, मूदभर भात ३. चार वाजता चहा-वडापाव: ६. रात्री साडेआठला दोन चपात्या, भाजी, भात, आमटी मिळून १५. एकूण ४५-४६ ग्रॅम. मेसच्या आमटीत डाळ किती आणि पाणी किती यावर पाच-सात ग्रॅम इकडेतिकडे होतील, पण चित्र बदलणार नाही.

आता गंमत बघ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीय प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. ५६ किलोला ते साडेसेहेचाळीस ग्रॅम होतात. म्हणजे दिवसभर ऑफिसात बसणाऱ्या बाईला पुरेल तेवढं तू बरोबर खातेस. रोज चार तास अंगातून घाम काढणाऱ्या खेळाडूचा आकडा वेगळा असतो. क्रीडापोषणात साधारण १.४ ते २ ग्रॅम प्रतिकिलो ही पट्टी मानतात. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांची आकडेवारी एकत्र करून झालेल्या विश्लेषणात दिसलं की वजनं उचलणाऱ्यांमध्ये सरासरी १.६ च्या पुढे प्रथिनं वाढवून स्नायू वाढण्यात फारशी भर पडत नाही. ते प्रयोग प्रामुख्याने वजनांच्या व्यायामाचे होते, कबड्डीचे नव्हते, त्यामुळे मी तो आकडा देवाचा शब्द मानत नाही. पण तुझ्यासाठी ८५ ते ९० ग्रॅमचं लक्ष्य धरायला हरकत नाही. तूट झाली चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमची. त्यामुळे ट्रेनरचं ‘तुला प्रोटीन कमी पडतंय’ हे निदान खोटं नाही. त्याचा उपाय आणि बिल या दोन्हींशी माझं भांडण आहे.

पण प्रथिनांआधी एक मोठी तूट आहे, ती आधी बघू. वरच्या सगळ्या खाण्याच्या कॅलरी मोजल्या तर जेमतेम १९०० ते २००० भरतात. तुझं वजन आणि दोन वेळचा सराव धरला तर अडीच हजारांच्या वर लागतात. त्यातही पहाटेचा सराव जवळजवळ उपाशीपोटी होतो: आदल्या रात्री साडेआठला जेवलीस, त्यानंतर पोटात गेली ती बिस्किटं. चढाईला लागणारी झपाटा मारायची ताकद स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनवर, म्हणजे साखरेच्या साठ्यावर चालते, आणि तो साठा भात, भाकरी, चपाती, केळं, गूळ यांतून भरतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दुसऱ्या हाफमध्ये पाय जड होतात ते बहुतेक इथून. शिवाय कॅलरी कमी असल्या की शरीर खाल्लेली प्रथिनंसुद्धा जाळायला घेतं, म्हणजे महागाचा व्हे सरपणाच्या जागी जातो. मुली वजन वाढू नये म्हणून भात सोडतात आणि वर डबा घेतात, हे मी दर मोसमात बघते. तू भात सोडलेला नाहीस हे वाचून बरं वाटलं.

इथे तुला एक प्रश्न, त्याचं उत्तर मला इथे नको, पण स्वतःला दे. पाळी नियमित येते का? सराव वाढल्यापासून दोन-तीन महिने चुकली असेल तर ‘खेळाडूंचं असंच असतं’ म्हणून सोडून देऊ नकोस. खाणं आणि मेहनत यांचा मेळ बिघडल्याची ती खूण असू शकते. त्याचा परिणाम हाडांवरही होतो. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं, आणि ते डब्याच्या आधी.

दुसरी तपासणी लोहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. शाकाहारी, रोज पळणारी, पाळी येणारी आणि जेवणाला लागून चहा पिणारी मुलगी त्यात असण्याची शक्यता चांगलीच आहे. माझ्याकडे एक लांब पल्ल्याची धावपटू यायची. कित्येक महिने नेमाने व्हे पीत होती आणि तरी चढावर धाप लागायची. हिमोग्लोबिन काठावर होतं म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघितलं तर एक आकडी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, चहा जेवणापासून तासभर लांब सरकवला, आणि पुढच्या मोसमात तीच मुलगी चढ सहज घ्यायला लागली. तेव्हा तुझ्या तीन हजारांतले पहिले पैसे मी रक्ताच्या तपासणीवर घालीन: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व. शाकाहारी माणसात बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. जवळच्या सरकारी रुग्णालयात यातलं काय स्वस्तात होतं ते आधी विचार. लोहाच्या गोळ्या मात्र रिपोर्ट न बघता स्वतःच्या मनाने सुरू करू नकोस.

आता मांड्यांचं दुखणं. अंगाला सवय नसलेला व्यायाम केला, विशेषतः खाली बसण्याचा, उतरण्याचा, की दुखणं एक-दोन दिवसांनी चढतं आणि काही दिवसांत जातं. प्रोटीन प्यायल्याने हे दुखणं ठळकपणे कमी होतं असं अभ्यासांतून दिसत नाही. कधी थोडं, कधी काहीच नाही. प्रथिनांचं काम हळू चालतं: आठवडे-महिने स्नायूंची डागडुजी आणि बांधणी. तुझ्या बाबतीत जास्त फरक वेळापत्रकाने पडेल. सोमवारी पायांचा जड व्यायाम आणि मंगळवारी-बुधवारी मॅटवर चढायांचा सराव, हा क्रम प्रशिक्षकांशी बोलून बदल. पायांचा व्यायाम अशा दिवशी ठेव की दुसऱ्या दिवशी हलका सराव किंवा सुट्टी असेल. आणि झोप. पाचला उठायचं आणि बाराला झोपायचं, या पाच तासांवर कुठलाही डबा मात करत नाही.

इथवरचा हिशेब असा: खाण्याची एकूण तूट पाच-सहाशे कॅलरींची, प्रथिनांची तूट चाळीसेक ग्रॅमची, लोहाची तपासणी बाकी, आणि दुखण्याचा बराचसा भाग वेळापत्रकाचा. आता प्रथिनांची तूट ताटातून कशी भरायची ते बघू.

पहाटे चहासोबत बिस्किटांऐवजी एक केळं आणि दोन खजूर. इथे प्रथिनं नकोत, पोट हलकं राहिलं पाहिजे. सराव संपल्या संपल्या, पोह्यांची वाट न बघता, ३०० मिली दूध आणि मूठभर फुटाणे: १० आणि ८, झाले १८. दुपारच्या ताटात एक वाटी दही (५) आणि मेसमध्ये उसळ असेल त्या दिवशी मटकी किंवा चवळीची एक वाटी जास्तीची मागून घे (६-७). चारचा वडापाव आठवड्यातून एखाद्या दिवशी खा, मी काही तुझी सासू नाही. बाकी दिवशी दोन चपात्यांना दाण्याची चटणी आणि सोबत केळं. रात्रीच्या जेवणात ३० ग्रॅम सोयाबीन वड्या, कोरड्या मोजून: त्यात तब्बल १५ ग्रॅम प्रथिनं. वड्या नको त्या दिवशी ८० ग्रॅम पनीर. झोपताना एक पेला दूध, ८. सगळं जमलं तर तू नव्वदीच्या पुढे जातेस, आणि कॅलरींची तूटही बरीच भरून निघते.

डाळ-तांदूळ, भाकरी-उसळ या जोड्यांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) कमी असतं आणि डाळीत मेथिओनिन. दोन्ही मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात, ती प्रत्येक घासाला नाही पण दिवसभरात. त्यामुळे ‘शाकाहारी प्रोटीन अपुरं असतं, म्हणून व्हे लागतंच’ हे वाक्य ऐकलंस तर मान डोलावू नकोस. शाकाहाराची खरी अडचण अशी की २० ग्रॅम प्रथिनांसाठी बरंच खावं लागतं, आणि सरावानंतर तेवढी भूक नसते. डब्याच्या बाजूने बोलण्यासारखा मुद्दा आहे तो हा.

एकादशीचं विसरू नकोस. तुमच्या घरात महिन्याला दोन होत असणार, आणि सराव काही थांबत नाही. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य असतात. खिचडीत जी असतात ती दाण्याच्या कुटाची. त्या दिवशी दूध, दही, ताक, पनीर, शेंगदाण्याचे लाडू, राजगिरा यांवर भर दे. राजगिऱ्यात शंभर ग्रॅममागे १३-१४ ग्रॅम प्रथिनं असतात, उपवासाच्या पदार्थांत त्याची बरोबरी करणारे थोडेच.

बदामाबद्दलही विचारतेच कुणीतरी, म्हणून सांगून टाकते. तालमीतल्या खुराकाचा मला आदर आहे, थंडाई मलाही आवडते. पण वीस बदामांत पाचेक ग्रॅम प्रथिनं असतात आणि वाटीभर उसळीत त्याहून जास्त. मल्लांची शरीरं लिटरवारी दूध, भरपूर जेवण आणि हजारभर जोर-बैठकांनी घडली. श्रेय तेवढं बदामांना गेलं. आणि कोल्हापुरातल्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध कितीही मोहाचं असलं तरी खेळाडूने दूध उकळूनच प्यावं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात, आणि तो ताप मोसम खाऊन टाकतो.

पैशांचं गणित. आमच्या भागातल्या सध्याच्या किरकोळ भावांनी ढोबळ काढलं तर सोयाबीन वड्यांतून एक ग्रॅम प्रथिन तीस पैशांच्या आसपास पडतं, शेंगदाण्यांतून साठ-सत्तर पैशांना, दुधातून पावणेदोन-दोन रुपयांना, पनीरमधून सव्वादोन रुपयांना. बरी व्हे पावडर साडेतीन ते साडेचार रुपयांना जाते. म्हणजे व्हे सगळ्यात महाग, पण वड्या रोज खाववत नाहीत आणि होस्टेलच्या खोलीत शिजवताही येत नाहीत. म्हणून मी म्हणते, हे परिस्थितीवर आहे. मेसच्या मावशी वड्या करून देत असतील, खालच्या डेअरीत रोज दूध-दही मिळत असेल, तर तुला डब्याची गरज नाही. सकाळी दूध मिळतच नसेल, किंवा सरावानंतर थेट आठच्या प्रॅक्टिकलला पळायचं असेल, तर एक स्कूप पाण्यात ढवळून पिणं ही चांगली सोय आहे. डबा म्हणजे चीज करताना दुधातून उरणारं पाणी वाळवून केलेली पावडर, त्यातली साखर आणि चरबी बरीचशी काढलेली. औषध नाही आणि विषही नाही.

घ्यायचाच ठरवलास तर दुकानात डबा हातात घेऊन काय बघायचं ते सांगते. आधी मागची बाजू फिरव. ‘एका स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन’ हे पुढे मोठ्या अक्षरात असतं. स्कूप किती ग्रॅमचा ते मागे बारीक अक्षरात. ३२-३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम असतील तर ते साधं व्हे कॉन्सन्ट्रेट, ठीक आहे. तीस ग्रॅमच्या आत २५-२६ असतील तर आयसोलेट, त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) कमी असतं म्हणून दुधाने पोट फुगणाऱ्यांना बरं पडतं. तुला दूध पचत असेल तर आयसोलेटचे जादा पैसे देऊ नकोस. मग घटकांची यादी वाच, ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिलाच शब्द माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली स्वस्त भुकटी) असेल तर डबा परत ठेव. ग्लायसिन, टॉरिन अशी सुटी अमिनो आम्लं यादीत घुसवलेली असतील तर संशय घे: प्रथिनं मोजण्याची नेहमीची चाचणी नायट्रोजन मोजते, आणि स्वस्त ग्लायसिन घातलं की कागदावरचा आकडा फुगतो. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं लिहून प्रत्येक घटकाचं प्रमाण लपवलं असेल तर तोही डबा नको. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक हवा. बिल घे. अर्ध्या किमतीत ‘ओरिजिनल’ देणाऱ्या दुकानाच्या पायरीवरूनच परत फिर.

माळकरी घरात आणखी एक शंका निघू शकते. व्हे चीज बनवताना उरलेल्या पाण्यातून येतं, आणि दूध साकळवायला वापरलेलं रेनेट काही ठिकाणी वासराच्या जठरातलं असतं, पुष्कळ ठिकाणी सूक्ष्मजीवांपासून केलेलं. घरच्यांना हे महत्त्वाचं असेल तर कंपनीला लिहून विचार, किंवा सरळ सोया अथवा वाटाण्याच्या प्रथिनाची पावडर घे. चव थोडी मातकट लागते, काम होतं.

मास गेनर मुळीच घेऊ नकोस. शंभर ग्रॅमच्या स्कूपमध्ये १५-२० ग्रॅम प्रथिनं, बाकी बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन आणि साखर. तेवढ्या कॅलरी केळं, गूळ-दाणे आणि एक जास्तीची चपाती यांतून पाचव्या हिश्श्याच्या पैशांत येतात. बीसीएएलाही तेच उत्तर: पुरेशी पूर्ण प्रथिनं खाणाऱ्याला सुट्या तीन अमिनो आम्लांचा वेगळा उपयोग दिसत नाही. ट्रेनरने क्रिएटिन सुचवलं नाही हे गमतीचं, कारण अशा पावडरींत पुरावा सगळ्यात भक्कम असलेल्या पदार्थांपैकी तो एक आहे, रोज ३-५ ग्रॅम. पण आधी जेवण सुधार, ते नंतर बघू.

व्यायामानंतर अर्ध्या तासात प्यायलं नाही तर फुकट, हे तू ऐकलं असशीलच. तसं नाही. २०१३ च्या एका मोठ्या विश्लेषणात दिसलं की दिवसभराची एकूण प्रथिनं सारखी धरली की वेळेचा फायदा जवळजवळ नाहीसा होतो. तुझ्यासाठी सकाळचा सराव हा अपवाद मानते, कारण रात्रभराचा उपास झालेला असतो. तिथे लवकर खाल्लेलं बरं. बाकी एकाच वेळी पन्नास ग्रॅम ढोसण्यापेक्षा चार वेळा वीस-वीस ग्रॅम वाटून घेणं चांगलं.

आता आईचा आणि मैत्रिणीचा मुद्दा. किडनी निरोगी असलेल्या माणसात एवढ्या प्रथिनांनी ती बिघडते असा पुरावा नाही. २०१८ मध्ये अशा प्रयोगांचं एकत्रित विश्लेषणही झालंय. पण किडनीचा आजार आधीपासून असेल, मुतखडा होऊन गेला असेल, किंवा घरात मधुमेह-रक्तदाबामुळे किडनी गेलेली कुणी असेल तर आधी लघवीची आणि क्रिएटिनिनची (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची) तपासणी, मग डॉक्टर सांगतील तसं. भरपूर स्नायू असलेल्या किंवा क्रिएटिन घेणाऱ्या खेळाडूचं क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं. रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना आपण काय घेतो ते सांगायचं, लपवायचं नाही. आईला हेही सांग की आयसीएमआरच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांतही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असंच म्हटलंय. म्हणजे ती अगदीच अडाण्यासारखं बोलत नाहीये. त्या सूचना सर्वसामान्य लोकांसाठी आहेत, दोन वेळ सराव करणाऱ्या खेळाडूची गरज मी थोडी वेगळी धरते, पण अन्न आधी या क्रमाबद्दल आमचं एकमत आहे.

आवाज घोगरा होण्याबद्दल: दुधातल्या प्रथिनाने ना आवाज बदलतो ना मिशा येतात. स्टेरॉइडने मात्र दोन्ही होऊ शकतं, आणि डब्यात स्टेरॉइड असण्याची भीती अगदीच हवेतली नाही. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतून घेतलेली ६३४ पूरक उत्पादनं तपासली, निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले: ९४ उत्पादनांत, म्हणजे जवळजवळ १५ टक्क्यांत, लेबलवर नसलेले ॲनाबोलिक (स्टेरॉइडच्या जातीचे) पदार्थ निघाले. आपल्याकडे केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सुमारे ७० टक्के डब्यांवर प्रथिनांची माहिती चुकीची होती, १४ टक्क्यांत बुरशीचं अफ्लाटॉक्सिन आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले.

तू जिल्ह्यातून राज्यात, राज्यातून राष्ट्रीय स्पर्धेला जाऊ बघतेस, तेव्हा नाडाचा (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचा) माणूस लघवीचा नमुना मागू शकतो हे आत्तापासून डोक्यात ठेव. नियम कठोर आहे: नमुन्यात सापडलं की जबाबदारी खेळाडूची, कसं आलं ते सिद्ध करण्याचा भारही खेळाडूवर. तीन वेळचे महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर मेथॅन्डिएनोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं असं त्यांचं म्हणणं होतं. नाडाने ते मान्य करून त्यांना मोकळं केलं, पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने मान्य केलं नाही, आणि लढतीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी आली. एवढ्या मोठ्या मल्लाला जे सिद्ध करता आलं नाही, ते ‘जिमच्या दादाने दिलं होतं’ म्हणून तुला करता येईल का?

म्हणून डबा घेतलास तर ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ असं चिन्ह असलेला घे आणि डब्यावरचा बॅच क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर जुळवून बघ. नुसतं चिन्ह कुणीही छापू शकतं. एफएसएसएआयचा क्रमांक म्हणजे उत्पादकाकडे परवाना आहे इतकंच, डोपिंगची तपासणी झाली असं नव्हे. बॅचचा फोटो आणि बिल जपून ठेव. सुटी पावडर, मैत्रिणीच्या डब्यातला स्कूप, जिममधला ‘प्री-वर्कआउट’ (व्यायामाआधी प्यायची पावडर) यांना हात लावायचा नाही.

माझा सल्ला असा: पहिला महिना डबा नको. रक्ताची तपासणी, वर लिहिलेलं खाणं, वेळापत्रकात बदल. दूध, दही, फुटाणे, दाणे, केळी, खजूर आणि वड्या मिळून महिन्याला दोन हजारांच्या आसपास बसतील, उरलेले तपासणीला. महिन्याअखेरीस तीन दिवसांचं खाणं पुन्हा लिही, त्यातला एक दिवस एकादशीचा असू दे. तेव्हाही सकाळची जागा रिकामी दिसली तर एक किलोचा साधा डबा घे, रोज एक स्कूप, आणि पहिले चार दिवस अर्धाच, पोट कसं घेतंय ते कळायला.

चाचणीच्या आठवड्यात मात्र कुठलीच नवी गोष्ट सुरू करू नकोस, ना पावडर, ना नवीन लाडू. चाचणीच्या दिवशी सामन्याआधी तीनेक तास भात-वरण किंवा चपाती-बटाट्याची भाजी, तासभर आधी केळं, तिखट-तळलेलं काही नाही. एकाच दिवशी दोन सामने लागले तर मधल्या वेळात लिंबू सरबतात मीठ-साखर आणि सोबत गूळपोळी किंवा खजूर. फेरिटिनचा रिपोर्ट आला की आकडा इथेच लिही, आणि पाळीबद्दल काही वेगळं असेल तर ते इथे न लिहिता थेट डॉक्टरांना सांग.